नमुना खराब, पुन्हा घेतला

आमच्या घरात चुका लिहून ठेवायची पद्धत कधीच नव्हती. चूक झाली की दोन दिवस आरडाओरडा, चार दिवस अबोला, मग कुणीतरी चहा करायचं आणि प्रकरण मिटायचं. म्हणून माझी भाची माझ्याकडे राहायला आली आणि तिच्या बॅगेतून एकसारख्या निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या निघाल्या, तेव्हा मला वाटलं डायऱ्या असतील.

"डायऱ्या नाहीत गं मावशी," ती म्हणाली. "चुकांच्या वह्या आहेत."

"कुणाच्या चुका?"

"माझ्याच. दुसऱ्यांच्या लिहायच्या नसतात."

मी कपाळाला हात लावला. ही मुलगी माझ्या दोन खोल्यांत निदान सहा वर्षं राहणार होती.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्मली तेव्हा अशी गोल गरगरीत होती की मीच तिला ठमी म्हणाले, आणि पुढे वाढून काडी झाली तरी नाव तेच चिकटलं. तिचे वडील बंदरांवर क्रेन उभारणारे इंजिनीअर. एक क्रेन उभी राहिली की बिऱ्हाड पाठीवर आणि चालले दुसऱ्या देशात. त्यामुळे ठमीचं सगळं शिक्षण इंटरनॅशनल शाळांमध्ये झालं. चार देश, चार शाळा, पण सगळ्यांचा अभ्यासक्रम एकच, कारण त्या असल्या फिरत्या लोकांच्या मुलांसाठीच काढलेल्या. तिथे म्हणे घंटा वाजत नाही. मुलं जमिनीवर गोल करून बसतात आणि बाईंना चक्क नावाने हाक मारतात. आणि दर शुक्रवारी शेवटच्या तासाला आठवड्यातली एक चूक वहीत लिहायची. तीन प्रश्न ठरलेले. काय झालं? त्यात माझा वाटा किती? पुढच्या वेळी मी काय करीन? सोमवारी बाई वही तपासून मार्क देतात. जितकं खरं लिहाल तितके मार्क जास्त.

"म्हणजे चुका करणाऱ्याला मार्क?" मी विचारलं.

"करतात सगळेच. लिहिणाऱ्याला."

"आमच्या वेळी ही सोय असती तर तुझी आई पहिली आली असती."

ठमी हसली नाही. माझे विनोद तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, कारण आपली भाषा ती फक्त आईकडून शिकलेली. अठरा वर्षांची पोरगी, पण बोलायची पन्नाशीच्या बाईसारखी. "अगं बाई, कमालच झाली," असं ती क्लासमध्ये म्हणाली की पुढची मुलं मागे वळून बघायची, कोण म्हातारी आली म्हणून.

डॉक्टर व्हायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते अकराव्या वर्षी. तेव्हा कुठल्याशा देशात तिचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशनच्या आधी तिथला डॉक्टर तिच्या खाटेशेजारी उकिडवा बसला, कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि आपण काय काय करणार ते तिला समजावून सांगितलं. तिच्या आईवडिलांना नव्हे, तिला. झालं, त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. आणि डॉक्टर व्हायचं तेही इथेच, आईच्या माणसांत. का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाली, "मावशी, मी कुठेच तीन वर्षांपेक्षा जास्त राहिले नाही. पेशंट दुसऱ्यांदा येईल तेव्हा मी तिथेच असेन, अशा जागी मला डॉक्टर व्हायचंय." मी तिच्यासाठी कपाट रिकामं केलं.

पण इथे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेने तिच्या नाकी नऊ आणले. एका प्रश्नाला एक मिनिट, चार पर्याय, एकाला टिंब करायचं. ठमी पहिल्याच प्रश्नावर सहा मिनिटं बसली आणि दोन पर्याय कसे बरोबर ठरू शकतात ते समासात लिहून आली. क्लासचे सर तिच्या सरावाचे पेपर तपासून घामाघूम व्हायचे. "मुली," ते एकदा हात जोडून म्हणाले, "तुला विचार करायला कुणी सांगितलं?" पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी मी रोज ड्यूटीवरून आल्यावर हातात घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसायची आणि मिनिट झालं की टेबलावर चमचा आपटायची. रडली, चिडली, माझ्याशी बोलेनाशी झाली, पण पास झाली.

कॉलेजातही तिची तीच तऱ्हा. तोंडी परीक्षेत तिला काहीतरी विचारलं, तर ही शांतपणे म्हणाली, "मला माहीत नाही. शोधून उद्या सांगते." इथे माहीत नसलं तरी काहीतरी ठोकून द्यायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. बरं, नुसतं म्हणून थांबली नाही. दुसऱ्या दिवशी खरंच त्यांच्या खोलीवर जाऊन उत्तर सांगून आली! त्यांनी तिला नापासच केलं. सहा महिन्यांनी पुन्हा बसली तेव्हा त्याच परीक्षकांनी तिला ओळखलं आणि तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी पास केलं, पण हसत हसत, असं ती म्हणाली.

असं करत करत ती इंटर्नशिपपर्यंत आली. म्हणजे पुस्तकी परीक्षा सगळ्या संपल्या, आता वर्षभर वॉर्डावॉर्डांतून काम करायचं, प्रत्येक विभागप्रमुखाने 'समाधानकारक' म्हणून सही केली की डॉक्टर. शेवटचे दोन महिने तिची नेमणूक आली पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. म्हणजे माझ्याच वॉर्डात.

मी त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली सोळा त्याच वॉर्डात. माझ्यामागे मला हेडमास्तर म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि आवडायचंही. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि माझ्या सेवापुस्तकात एक डाग नव्हता. मी ठमीला आदल्या संध्याकाळीच बजावलं, "वॉर्डाच्या दाराच्या आत मी तुझी मावशी नाही. मी सिस्टर, तू डॉक्टर. लाडात यायचं नाही."

"बरं, सिस्टर," ती घरातच म्हणाली.

आता माझ्या ट्रेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरूनच घडलं. रोज सकाळी छत्तीस खाटांपैकी निम्म्या लोकांचं तरी रक्त तपासणीला जायचं. इतर वॉर्डांत इंटर्न पोरं येऊन नळ्या शोधणार, लेबलं लिहिणार, पेन हरवणार, नऊ वाजवणार. मी काय करायची, साडेसहालाच रजिस्टर घेऊन बसायची, लेबलं लिहून नळ्यांना चिकटवायची आणि खाटांच्या क्रमाने ट्रेमध्ये लावून ठेवायची. सातला इंटर्न आला की त्याने ट्रे उचलायचा आणि ओळीने रक्त घेत सुटायचं. अर्ध्या तासात वॉर्ड खलास. दुसऱ्या वॉर्डांतल्या सिस्टर माझा ट्रे बघायला यायच्या. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ठमीचा वॉर्डातला दुसरा दिवस. खाट अकरा भिंतीकडची, खाट बारा खिडकीची. अकरावर दम्याचे एक टेलरकाका होते आणि बारावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. आजोबांच्या अंगात रक्तच नव्हतं, चेहरा चादरीसारखा पांढरा. त्या दिवशी त्यांना रक्त चढवायचं होतं. टेलरकाकांना स्वस्थ बसवत नसे. वॉर्डातल्या सगळ्यांच्या सदऱ्यांची बटणं ते लावून द्यायचे. मी ट्रे लावून उठतच होते तेवढ्यात ते म्हणाले, "सिस्टर, खिडकीशी बसायला मिळालं तर सुई ओवायला बरं पडेल हो."

आजोबा पलीकडून म्हणाले, "घ्या की. मी जन्मभर डोळ्याला भिंग लावून उजेडात बसलो. आता मला डोळे मिटून पडू दे."

"घ्या बदलून," मी म्हणाले. त्यांनी उशा, डबे उचलले आणि जागा बदलल्या. ट्रेमधल्या दोन नळ्या इकडच्या तिकडे करायला हव्यात, हे माझ्या लक्षात होतं. अगदी लक्षात होतं. तेवढ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर आला, कागदावर सही करायला गेले, आणि विसरले.

सातला ठमीने ट्रे उचलला. खाट बारावर टेलरकाका बसलेले, नळीवर घड्याळवाल्या आजोबांचं नाव. तिला दोघांपैकी कुणाचाच चेहरा ठाऊक नव्हता. तिने टेलरकाकांचं रक्त आजोबांच्या नावाच्या नळीत घेतलं. ब्लड बँकेने त्या नळीवरून गट ठरवला, त्याला जुळणारी पिशवी काढली आणि साडेदहाला ती वॉर्डात आली. पिशवीवर आजोबांचं नाव होतं आणि आत टेलरकाकांना चालणारं रक्त. ज्युनिअर सिस्टरला आजोबा चांगले ठाऊक होते. तिने अकरा नंबरच्या खाटेशी स्टँड लावला आणि पिशवी अडकवली.

एरवी इंटर्न लोक रक्त चढवताना पेशंटशी बोलायला जात नाहीत. पण ठमीला तो अपेंडिक्सवाला डॉक्टर आठवत असणार. सकाळच्या नळीवरचं नाव धरून ती बारा नंबरच्या खाटेशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजोबा, आता तुम्हाला रक्त द्यायचंय. घाबरू नका हं, थंडी वाजली तर लगेच सांगा."

टेलरकाकांनी सुईवरून नजर उचलली. "मला कशाला रक्त? बाई, मी टेलर. घड्याळवाले ते तिकडे. सकाळी जागा बदलली आम्ही."

मी औषधांच्या कपाटापाशी होते. ठमी उठताना तिचा स्टुलाला धक्का लागला, तो आवाज आला, आणि पाठोपाठ तिचं ओरडणं, "सिस्टर, थांबा! लावू नका!" ज्युनिअर सिस्टरच्या हातात नळी होती. सुई आजोबांच्या हाताला टेकायची बाकी होती. आजोबांचे डोळे मिटलेलेच होते. पुढे दोघांचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की ती पिशवी आजोबांच्या अंगात गेली असती तर त्यांचं काही खरं नव्हतं.

मी ठमीला दंडाला धरून चादरींच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं.

"हे बघ," मी म्हणाले, "कुणाला काही झालेलं नाही. मी ब्लड बँकेला फोन करते, तू दोघांचं रक्त पुन्हा घे. आणि केसपेपरवर लिही, नमुना खराब, पुन्हा घेतला. सही कर. संपलं."

"पण नमुना खराब नव्हता."

"सगळे असंच लिहितात. मी एकतीस वर्षं लिहितेय. जा."

ती गेली. रक्त पुन्हा घेतलं, नाव विचारून घेतलं. मग केसपेपर घेऊन टेबलाशी बसली आणि बराच वेळ लिहीत राहिली. चार शब्दांना इतका वेळ का लागतोय, असं माझ्या मनात आलं, पण मी फोनवर होते.

दुपारी मोठ्या सरांचा राउंड. युनिटचे प्रमुख, रागीट माणूस, पण हुशार. त्यांच्यामागे आठ-दहा जणांचा घोळका. आजोबांचा केसपेपर उचलला आणि मोठ्याने वाचू लागले. "सकाळी सात वाजता मी खाट बारावरील रुग्णाचं नाव न विचारता रक्त घेतलं. ते दुसऱ्या रुग्णाचं होतं. त्यामुळे चुकीची पिशवी आली. ती चढवण्याआधी थांबवली. यात माझा वाटा: मी नाव विचारलं नाही. पुढच्या वेळी मी प्रत्येकाला नाव विचारीन आणि त्याच्यासमोर नळीवर लिहीन." खाली सही, वेळ.

"हा केसपेपर आहे की शाळेचा निबंध?" सर म्हणाले. मागची पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. "हा कायमचा कागद आहे, बाई. उद्या कोर्टात जाईल. इतकी गंभीर चूक, आणि वर लिहून ठेवता? तुमच्या पत्रकावर मी 'समाधानकारक' लिहीन असं समजू नका. गुरुवारी समितीपुढे या."

ठमी म्हणाली, "हो, सर." तिचा आवाज कापला नाही. मला मात्र धास्ती बसली, आणि ती नुसती तिच्यासाठी नव्हती.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. "ताई, पुरे झालं," ते म्हणाले. "सहा महिने पुन्हा करायला लावतील, नाव खराब होईल ते वेगळंच. तिला आमच्याकडे पाठवून द्या. संशोधनात वगैरे काहीतरी बघू. तिच्या स्वभावाला ते जग नाही." मी फोन ठमीकडे दिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही बाबा. मी इथेच राहणार." मग फोन ठेवला आणि बशीतलं बिस्कीट चहात बुडवून तसंच धरून बसली, ते तुटून कपात पडेपर्यंत.

मला राहवलं नाही. "ठमे, तू ट्रेचं का नाही लिहिलंस? लेबलं मी लावली होती. जागा मी बदलू दिल्या. टेलरने सांगितलं असेलच तुला."

"सांगितलं."

"मग?"

"दुसऱ्यांच्या लिहायच्या नसतात, मावशी."

"म्हणजे माझ्यावर उपकार!" माझा आवाज चढला. "मला नकोत असले उपकार. तू माझी बाजू झाकणार आणि मी तुझ्यासमोर मान खाली घालून बसणार, होय?"

"मी झाकत नाहीये. मला कुणी विचारलं तर जे झालं ते सांगेन." ती माझ्याकडे बघून अगदी सरळ बोलत होती, त्याचाच मला राग येत होता. "पण वाटा ज्याचा त्याने लिहायचा. तू लिहायचा की नाही, ते तुझं तू बघ."

"शहाणी आहेस मोठी," मी म्हणाले आणि कप उचलून आत गेले. भांडी घासताना मी एक बशी फोडली.

मला राग कसला आला होता ते मला नीट कळत होतं. मला एक माणूस आठवत होता. नऊ वर्षांपूर्वी, खाट तीनवरचा बस कंडक्टर. नळ्यांची अदलाबदल तेव्हाही झाली होती, माझ्याच ट्रेमध्ये. दुसऱ्याच्या साखरेचा आकडा त्याच्या नावावर आला आणि त्याला नको असलेलं इन्सुलिन दिलं गेलं. दुपारी तो घामाने निथळत, थरथरत खाटेवरून खाली कोसळला. मी धावत जाऊन त्याला साखरेचं पाणी पाजलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो वाचला. केसपेपरवर मी लिहिलं, नमुना खराब, पुन्हा घेतला. घरी जाताना त्याने माझ्यासाठी फुलं आणली, मी त्याचा जीव वाचवला म्हणून. ती फुलं मी वॉर्डातल्या टेबलावर ठेवली होती. चार दिवस टिकली. आणि ट्रे मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तसाच लावू लागले.

मी तेव्हा ते खरं लिहिलं असतं, तर माझा ट्रे तेव्हाच बंद झाला असता. मग ठमीच्या हातात तो कधी आलाच नसता. हे कळायला मला नऊ वर्षं आणि एक बशी लागली.

गुरुवारी डीनच्या खोलीत तिघे बसले होते. डीन, मोठे सर आणि मेट्रन. मेट्रन माझ्याच बरोबरीची, आम्ही एकत्र शिकलेल्या. ठमी टेबलाच्या ह्या बाजूला उभी. मला फक्त वेळा पडताळून बघायला बोलावलं होतं: रक्त किती वाजता घेतलं, पिशवी किती वाजता आली. रजिस्टर वाचून दाखवायचं आणि निघायचं. मोठे सर सहा महिने वाढवायचं म्हणत होते. डीन मान हलवत होते.

"सिस्टर, वेळा बरोबर आहेत?" डीननी विचारलं.

"बरोबर आहेत," मी म्हणाले. "पण मला आणखी सांगायचंय. काय झालं, ते ह्या डॉक्टरांनी लिहिलंय. त्यात माझा वाटा लिहायचा राहिलाय."

मेट्रनने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. ती मला गप्प राहा म्हणत होती. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं आणि सगळं सांगितलं. ट्रे, साडेसहाची लेबलं, खिडकीची जागा, सिलिंडर. 'नमुना खराब' लिहायला मीच सांगितलं, तेही. मग खाट तीनवरच्या कंडक्टरचं सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता मला रडू आलं. एकतीस वर्षांत मी त्या खोलीत कधी रडले नव्हते.

"पुढच्या वेळी काय करणार?" डीननी विचारलं. त्यांना त्या निळ्या वहीबद्दल काही ठाऊक नव्हतं, सहज विचारलं. ठमीने मात्र चटकन मान वर केली.

"ट्रे बंद करणार," मी म्हणाले. "नाव विचारल्याशिवाय आणि पेशंटसमोर लेबल लिहिल्याशिवाय माझ्या वॉर्डातून नळी बाहेर जाणार नाही. अर्ध्या तासाचे दोन तास लागू देत."

 मोठे सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "ह्या मुलीने तसं लिहिलं नसतं, तर मलाही कधी कळलं नसतं." त्यांचा चेहरा रागीटच होता, पण सहा महिन्यांचे पंधरा दिवस त्यांनीच केले. पंधरा दिवस जादा काम, मग सही. मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद करून. बाहेर आल्यावर मेट्रनने माझा हात धरला. "सातच महिने राहिले होते गं तुझे," ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

घरी जाताना आम्ही दोघी चालत गेलो. मी थकले होते, आणि खरं सांगायचं तर मला दुःखही झालं होतं. तो डाग मला आयुष्यभर टोचणार होता. चौकातल्या दिव्यापाशी थांबलो तेव्हा ठमी म्हणाली, "मावशी, पैकीच्या पैकी."

मला कळायला वेळ लागला. ह्या वेळी तिचा विनोद माझ्यापर्यंत उशिरा पोचला. मग मी रस्त्यातच अशी हसले की शेजारी उभा असलेला सायकलवाला दचकला.

ठमीने पंधरा दिवस पूर्ण केले, सही मिळाली, ती डॉक्टर झाली. आजोबांना योग्य पिशवी मिळाली आणि ते घरी गेले. जाताना वॉर्डातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ चालू करून गेले. मी सात महिन्यांनी निवृत्त झाले. ठमीने आमच्या घरापासून तीन गल्ल्यांपलीकडच्या दवाखान्यात नोकरी धरली. तिच्या वडिलांनी आणखी दोन क्रेन उभारल्या, दोन देश बदलले. ठमी तिथेच आहे. आता तिथे लोक तिच्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतात.

गेल्या महिन्यात मलाच जावं लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी रक्त तपासून घ्यायचं होतं. मला वाटलं, भाचीचा दवाखाना, दोन मिनिटांत काम होईल. तिने मला रांगेत बसवलं. माझ्या आधी चौघे होते. माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीत बसले, बाही सरसावली आणि हात पुढे केला.

ठमी माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. तिच्या हातात रिकामी नळी आणि पेन. "पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.

"ठमे!" रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. "सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन आलीस ना?"

"पूर्ण नाव, सिस्टर. आणि जन्मतारीख."

"जन्मतारीख? चारचौघांत?"

तिने टोपण काढलं. पेन नळीवर टेकवून थांबली. तिला घाई नव्हती. मागे दहा माणसं होती तरी नव्हती.

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, जन्मतारखेसकट, खरंखुरं. तिने माझ्यासमोर एकेक अक्षर लिहिलं आणि नळी माझ्यापुढे धरली. "बरोबर आहे?"

मी चष्मा वर सरकवून वाचलं. अक्षरं नीट दिसेनात. माझे डोळे भरून आले होते, उगाच मोतीबिंदूला दोष कशाला देऊ. तरी मी नळी हातात घेऊन दोनदा वाचली.

"बरोबर आहे, डॉक्टर," मी म्हणाले, आणि मगच तिने सुई उचलली.